खदानीतली तळी आणि गुडघ्यांना झेपेल असा रस्ता

गेल्या अंकात जाता जाता मी पूर्व जर्मनीतल्या लाउझिट्स भागाचं नाव घेतलं होतं. कोळशाच्या खदानी बंद पडल्या, खड्ड्यांत पाणी भरलं आणि आता त्या तळ्यांच्या काठाने लोक सायकली चालवतात, एवढंच लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. माझी नोकरी कोळसा खदानीत सर्व्हेअर म्हणून झाली आणि लेक ड्रेस्डेनला नांदते, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं सांगता येतं. यावेळची सगळी जागा याच पत्रांना.

काका, मुलगा कॉटबसच्या विद्यापीठात शिकतो. गणपती उरकले की सप्टेंबरात आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. मी ५६ वर्षांची, यांचे गुडघे कुरकुरतात. शाळेत असताना सायकल चालवायचे, नंतर लूना, मग अ‍ॅक्टिव्हा. ट्रकची भीती वाटते. तीन-चार दिवस निवांत चालवता येईल असा रस्ता आहे का?
– एक वाचक, मनीषनगर

ताई, आहे, आणि तुमच्या मुलाच्या दारातच आहे. कॉटबसहून सेनफ्टेनबर्गला रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. पहिला दिवस तिथल्या तळ्याला द्या. भोवतीची फेरी साधारण १८ किलोमीटरची. डांबर गुळगुळीत, चढ नावाला, आणि मुख्य म्हणजे बहुतेक रस्ता मोटारींसाठी नाहीच. तुमच्या शेजारून जाईल ती दुसरी सायकल, नाहीतर चाकाचे बूट घातलेलं एखादं पोर. मागून घंटी वाजली की उजवीकडे सरकायचं. हे मात्र आधी मनात पक्कं करून घ्या, कारण आपला हात आपोआप डावीकडे वळतो.

या तळ्याच्या जागी नीमच नावाची खदान होती. १९६७ साली पाणी सोडायला सुरुवात झाली आणि १९७३ मध्ये पहिली चौपाटी लोकांसाठी उघडली. म्हणजे पन्नास वर्षांत झाडं उंच झाली, काठ मुरला, माणसं विसरली. मध्ये एक बेट दिसेल. तिथे जायची परवानगी नाही. तो पक्ष्यांचा राखीव भाग आहे, आणि बेट म्हणजे खदानीतून उपसलेली मातीच. आमच्या भाषेत ओबी. माझी बायको म्हणाली, "किती सुंदर नैसर्गिक तळं आहे." मी काही बोललो नाही. काठाची ती सरळ रेघ पाहिली की सर्व्हेअरला कळतं, ही निसर्गाच्या हातची नाही.

दुसऱ्या दिवशी तिथूनच पूर्वेला गायर्सवाल्डे तळ्याकडे जा. मध्ये कोशेनचा कालवा लागेल. २०१३ मध्ये तो सुरू झाला. यांना गुडघ्याला विसावा हवाच असेल, तर तो इथे द्या आणि होड्या बघत बसा. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना होड्या आधी महामार्गाखालून जातात आणि मग चक्क एका नदीखालून. श्वार्त्से एल्स्टर तिचं नाव. वर नदी वाहते, खाली बोगद्यातून होडी जाते. पुढे गायर्सवाल्डे, पार्टविट्स आणि सेडलिट्स ही तीन तळी जिथे जवळ येतात, तिथे गंजलेल्या पोलादाचा ३० मीटर उंच मनोरा आहे. २००८ मध्ये बांधला. स्थानिक लोक त्याला गंजका खिळा म्हणतात. लोखंड मुद्दामच असं वापरलंय की वरची गंज आतल्या पत्र्याला राखते. यांना वर चढू देऊ नका, तुम्ही चढा. वरून सगळ्या तळ्यांचा नकाशाच समोर येतो.

तिसरा दिवस ग्रोसरेशेनचा. या गावाला मी जरा जास्त वेळ द्यायला सांगतो. मोयरो नावाची खदान गावाला भिडली आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी गावाचा दक्षिणेकडचा भाग उठवला गेला, सुमारे चार हजार माणसं. दहाएक वर्षांत, १९९९ च्या शेवटी, खदानही बंद पडली. २००७ मध्ये पाणी सोडलं. त्याच्याही आधी लोकांनी खड्ड्याच्या काठावर एक धक्का बांधून ठेवला होता, खदानीच्या जुन्या यंत्राचा सांगाडा वापरून. खाली पाण्याचा थेंब नाही, नुसता उतार, आणि वर होडी लागायचा धक्का! आपल्याकडे पाणी असताना धक्का बांधत नाहीत. तिथे पाणी यायच्या आधी बांधला. आता त्याच्याखाली पाणी आहे. सायकल टेकवून त्यावर उभ्या राहा आणि पायाखाली किती घरं होती त्याचा अंदाज घ्या.

चौथा दिवस उरला आणि पाय धडधाकट असले, तर लिश्टरफेल्डला एफ-६० बघायला जा. सेनफ्टेनबर्गहून सायकलने लांब पडेल, मुलाला गाडीने न्यायला सांगा, लाजू नका. ५०२ मीटर लांबीचा लोखंडी पूल आहे तो, खदानीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पोचणारा. कोळशावरची माती एका बाजूने खरवडायची आणि पट्ट्यावरून सरळ पलीकडे टाकायची, मध्ये डंपर नाही, डंपरांचा रस्ता म्हणजे हॉलरोडही नाही. आमच्या उमरेडला शॉव्हेल आणि डंपरची जी वर्दळ, ती तिथे औषधालाही नाही. असलं अकरा हजार टनांचं यंत्र १९९१ मध्ये चालू झालं आणि १९९२ मध्ये खदानीबरोबर थांबलं. जेमतेम वर्षभर! २००२ पासून त्यावर चढून फिरता येतं. मी तिथे हेल्मेट घालून उभा होतो तेव्हा वाटेल तेवढं बोललो. बायकोने घड्याळ दाखवलं म्हणून खाली आलो.

कॉटबसच्या अगदी पूर्वेलाही नवं तळं आहे, ओस्टझे. २०१९ च्या एप्रिलमध्ये पाणी सोडायला घेतलं, २०२४ च्या अखेरीस ते ठरलेल्या पातळीला पोचलं. सुमारे १९ चौरस किलोमीटर. तिकडे जाताना वाटेत ब्रानिट्सची बाग लागते. प्युक्लर नावाच्या राजपुत्राने एकोणिसाव्या शतकात तळं खणलं आणि निघालेल्या मातीचे पिरॅमिड रचले. त्यातल्या पाण्यातल्या पिरॅमिडमध्ये १८७१ पासून तो स्वतः झोपलाय. खणलेली माती टाकायची कुठे, हा प्रश्न खदानीवाल्यांच्या आधी त्याला पडला होता. ओस्टझेच्या काठाला मात्र अजून जागोजागी कुंपण आहे. तिथे जितकं उघडं, तितकंच चालवा. कारण पुढच्या उत्तरात.

आता घरगुती गोष्टी. सायकल भाड्याने घ्या आणि यांच्यासाठी बॅटरीची घ्या, गुडघ्यांचा प्रश्न तिथेच संपतो. चढ नसला तरी वारा आहे. मोकळ्या तळ्यावरचा वारा समोरून आला की चढापेक्षा वाईट. म्हणून सकाळी निघताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि परतताना पाठीवर घ्यायचा. सप्टेंबरात दुपार छान असते, पण सकाळी स्वेटर लागतो. सायकलला पुढे-मागे दिवा हा तिथे कायदाच आहे. हेल्मेटची सक्ती नाही, तरी घाला. रेल्वेत सायकल न्यायची तर तिचं तिकीट वेगळं. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच बिस्किटं-फळं घेऊन ठेवा. शाकाहारी असाल तर काळजी नको: तिथला खास पदार्थच उकडलेले बटाटे, चक्क्यासारखं क्वार्क आणि वरून जवसाचं तेल. विदर्भातल्या माणसाला जवस शिकवायला नको. सोबत मिरचीचा ठेचा न्या, बटाट्यांवर उपकार होतील.

तिथे लांडगे आहेत म्हणतात. खरं का?
– त्याच ताईंचे यजमान (वेगळ्या पाकिटात)

खरं आहे. २००० च्या सुमारास पोलंडकडून आलेल्या लांडग्यांनी तिथे पिल्लं घातली आणि आता त्यांचे कळप आहेत. तुम्हाला दिसणार नाहीत. उमरेड-कऱ्हांडल्याच्या वाटेने आपण जातो तेवढीही धाकधूक करू नका.

काका, काठापासून लांब राहा असं तुम्ही दरवेळी लिहिता. तळं भरलं, गवत उगवलं, मग भीती कसली? आणि फोटोत काही ठिकाणी पाणी हिरवट-निळं, काही ठिकाणी नदी गंजासारखी लाल. रंग कशाचे?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हिंगणा रोड

प्रश्न छान विचारलास. आधी भीतीचं.

डब्यात रवा ओता, वरपर्यंत भरेल. डबा दोनदा ओट्यावर आपट, रवा दोन बोटं खाली बसेल. लाउझिट्सची ओबी म्हणजे असा न आपटलेला रवा, शंभर-शंभर फूट. बारीक गोल वाळू, पट्ट्यावरून सोडलेली, जशी पडली तशी राहिलेली. कोरडी असेपर्यंत उभी राहते. खदान चालू असताना पंप अहोरात्र भूजल उपसत होते, म्हणून ती कोरडी होती. पंप थांबले, पाणी खालून वर चढायला लागलं, कणांमधली पोकळी पाण्याने भरली. मग एखादा हादरा बसतो आणि कण एकदम खाली बसायला जातात. पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. आणि जी जमीन होती ती क्षणभर पातळ होते. आधी काही दिसत नाही. तडा नाही, आवाज नाही. २०१० च्या ऑक्टोबरात श्प्रेटालजवळ असं झालं. कित्येक एकर जमीन अचानक वाहिली, ट्रक आणि मेंढरांचा कळप तिच्यात गेला. त्यानंतर पुष्कळ जागा पुन्हा बंद केल्या. त्याच्या आदल्या वर्षी, २००९ च्या जुलैत, जर्मनीतल्याच दुसऱ्या कोळसा भागात नाख्टरश्टेट इथे तळ्याचा काठ घरांसकट खचला आणि तीन माणसं गेली. तिथली कारणं वेगळी होती, पण बुजवलेल्या जमिनीवर विश्वास किती ठेवायचा हे दोन्हीकडे कळलं.

उपाय आहे. जमिनीत लांब नळी घालून ती थरथरवतात, म्हणजे रवा मुद्दाम आपटून बसवतात. काही ठिकाणी खोलवर सुरुंग लावून तेच करतात. हे काम बंद खदानींसाठी नेमलेली सरकारी कंपनी करते, नव्वदच्या दशकापासून, आणि अजून संपलेलं नाही. म्हणून तिथे पिवळ्या पाटीवर जीवाला धोका असं लिहिलं असेल तर ते विमा कंपनीसाठी लिहिलेलं नसतं. पाटीच्या पलीकडे फोटोसाठीसुद्धा पाऊल टाकायचं नाही. लोकांसाठी उघडलेला सायकलरस्ता ही तिथली तपासलेली जमीन आहे, एवढं डोक्यात ठेवलं की पुरे.

आता रंग. कोळशाच्या वरच्या वाळूत पायराइट असतो, लोखंड आणि गंधक. हवा लागली की त्याचं आम्ल होतं. पंपांनी जमीन कोरडी केली म्हणजे हवेला आत वाट करून दिली. मग वर चढणारं भूजल ते आम्ल आणि लोखंड घेऊन तळ्यात येतं. काही तळ्यांचा पीएच तीनच्या आसपास होता, जवळपास लिंबाच्या रसाकडे झुकणारा. त्यात शेवाळही धड वाढत नाही, म्हणून पाणी इतकं नितळ आणि रंग पोस्टकार्डासारखा. म्हणजे जे सुंदर दिसतं तेच आजारी. त्यावर इलाज चुना. होडीने तळ्यावर फिरून चुनखडीची पूड पाण्यात सोडतात. आणि नद्यांचं ताजं पाणी जोरात आत घेतात, त्याने आम्लही पातळ होतं आणि आतून बाहेर दाब राहिल्याने काठही सावरतात. लोखंडाचं म्हणशील तर ते पुढे नदीत उतरतं आणि हवेत आलं की गेरूसारखं खाली बसतं. श्प्रे नदीचा काही भाग त्यामुळे तांबूस दिसतो. पोहायचं तर जिथे अधिकृत चौपाटी आहे तिथेच. सेनफ्टेनबर्गला खुशाल पोह.

जर्मनीचं कौतुक पुरे झालं भाऊ. कामठी, सिलेवाडा, सावनेर, उमरेड, आपल्याकडे काय खदानी कमी आहेत? मग आपल्या पोरांना असा रस्ता का नाही?
– कन्हान

भाऊ, राग रास्त आहे. पण उत्तर एका वाक्यात बसत नाही.

पहिलं, आपल्या सिलेवाडा-सावनेर पट्ट्यातल्या बहुतेक खदानी जमिनीखालच्या. खांब सोडून कोळसा काढायचा, नदीखाली नाहीतर वस्तीखाली असेल तर रिकाम्या जागेत पाण्याबरोबर रेती भरायची. तुमच्याच कन्हान नदीची रेती त्यासाठी गेली आहे. अशी खदान संपली की वर खड्डा उरत नाही. फार तर जमीन थोडी खचते, भेगा पडतात. तळं व्हायला उघडी खदान लागते. ती उमरेडकडे आहे, गोंडेगावला आहे.

दुसरं, लाउझिट्सच्या लिग्नाइटचं, म्हणजे तपकिरी कोळशाचं, वय दीड-पावणेदोन कोटी वर्षं. आपला कोळसा पंचवीस कोटींच्या पुढचा, वर कामठीचा वालुकाश्म. तिथली ओबी वाळूची, इथली दगड आणि काळ्या मातीची. आपल्याकडे ढिगारे खड्ड्याबाहेर डोंगरासारखे रचतात, आणि पावसाळ्यात ते धुपतात. आपला पाऊस चार महिन्यांत हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, आणि मेमध्ये ४५ अंशांत पाणी उडून जातं. तिथे वर्षभर मिळून त्याच्या जवळपास निम्मा पाऊस, पण रिमझिम. म्हणजे त्यांची पद्धत इथे जशीच्या तशी उचलून चालणार नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते पर्यटनाच्या पत्रकात छापत नाहीत. लाउझिट्सची शांतता फुकट आलेली नाही. पूर्व जर्मनी जगातला सगळ्यात मोठा लिग्नाइट उत्पादक होता, वर्षाला तीस कोटी टन. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि थोड्याच वर्षांत बहुतेक खदानी बंद. माझ्यासारखे हजारो सर्व्हेअर, फोरमन, फिटर घरी बसले. तरुण पोरं पश्चिमेला गेली. रस्त्यावर गाड्या नाहीत त्याचं एक कारण माणसंच नाहीत हेही आहे. त्याआधी खदानीसाठी शंभराहून जास्त गावं उठली, त्यातली बरीच सोर्ब लोकांची. या स्लाव्ह लोकांची भाषा अजून तिथल्या पाट्यांवर जर्मनच्या खाली दिसते. देवाने लाउझिट्स घडवलं आणि सैतानाने त्याच्याखाली कोळसा पुरला, ही त्यांची म्हण. कन्हानच्या चहाच्या टपरीवर ही म्हण सांगून बघा, कोणालाही अर्थ विचारावा लागणार नाही. तेव्हा रस्ता हवा हे बरोबर, पण तशी शांतता हवी का, हे वेकोलित, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्समध्ये, नोकरी असलेल्या घराने आधी ठरवावं.

तिथेही सगळं थांबलेलं नाही. काही खदानी आणि बॉक्सबर्गसारखं वीजकेंद्र अजून चालू आहे. कायद्याने २०३८ पर्यंत कोळसा बंद करायचा आहे. बेरवाल्डे तळ्याची वीस-बावीस किलोमीटरची फेरी मारताना बॉक्सबर्गच्या कूलिंग टॉवरची वाफ सतत डोळ्यासमोर असते. खापरखेडा आणि कोराडीच्या माणसाला तिथे घरच्यासारखं वाटेल.

आपल्याकडे काहीच नाही असंही म्हणू नका. २००९ पासून कोळसा मंत्रालयाचा नियम आहे: खदान बंद करायचा आराखडा आधीच द्यायचा आणि त्याचे पैसे वेगळ्या खात्यात दरवर्षी भरायचे. उघड्या खदानीला तेव्हाच्या दराने हेक्टरी ६ लाख, जमिनीखालच्या खदानीला १ लाख. तो आराखडा कुठला, त्यात पाण्याचं काय, काठाचा उतार किती, हे ग्रामसभेत विचारता येतं. भांडायचं असेल तर रस्त्यासाठी भांडण्याआधी उतारासाठी भांडा. उभा काठ आणि खोल पाणी म्हणजे पोरांसाठी सापळा. पाणी भरलेल्या खदानीत बुडाल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. उतार निवळला की रस्ता करणं सोपं आहे. सावनेरजवळ वेकोलिने २०१६ मध्ये इको-पार्क आणि खदान-सफर सुरू केली, ती पोरांना नक्की दाखवा. आजोबा रोज कुठे उतरत होते ते त्यांना कळेल.

नागपुरातच सराव करायचा आहे. महागडी सायकल लागेल का? आणि कुठे चालवू?
– प्रतापनगर

महागडी नको. सहा-सात गिअर, जरा रुंद टायर, सरळ हँडल, एवढं पुरे. दुकानात पैसे सायकलच्या रंगावर घालवण्यापेक्षा सीटची उंची नीट लावून घ्या: पायडल सगळ्यात खाली असताना टाच टेकून गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा. गुडघे दुखतात म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची सीट खाली असते.

पहाटे फुटाळ्याहून सेमिनरी हिल्सचा चढ घ्या, तिथे गिअर कळतात. मग काटोल रोडने गोरेवाड्याकडे. रविवारी लवकर निघालात तर रामटेकचं खिंडसी आहे, पण जबलपूर महामार्गावरून सायकलने जाऊ नका; सायकली गाडीवर टाकून रामटेकपर्यंत न्या आणि तिथून चालवा. वाटेत मनसर लागतं. तिथे शंभरेक वर्षांपासून मॅंगनीज निघतंय आणि खदान चालू आहे, त्यामुळे धूळ आणि ट्रक दोन्ही भेटतील. मामा तलावांच्या काठाने चालवायचं असेल तर भंडाऱ्याकडे जा. मालगुजारांच्या काळातली ती तळी, गावरस्ते अरुंद आणि सावलीचे, धानाच्या बांध्यांमधून जाणारे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पंक्चरची पेटी आणि हवा भरायचा छोटा पंप सोबत असू द्या, कारण गावात दुकान असतं पण सकाळी नऊच्या आधी उघडत नाही. आणि मार्चनंतर साडेआठला घरी परत, तर्री-पोहे खाऊनच.